सोशल मीडियावर व्यवसाय वाढवायचा तर: विक्रीपासून मागे मागे जाणारी पद्धत

बहुतेक व्यवसाय सोशल मीडियावर उतरतात ते पोस्टपासून. लोगो तयार होतो, पेज उघडलं जातं, पहिले काही आठवडे रोज काहीतरी टाकलं जातं. लाइक येतात ते ओळखीच्यांचेच, आणि मग उत्साह ओसरतो. यात पोस्टचा दोष क्वचितच असतो. एखाद्या अनोळखी माणसाला पोस्ट आवडली, तर त्याने पुढे काय करायचं याची वाट कुणी बांधलेलीच नसते. मेसेज करावा तर उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, नंबर शोधावा तर तो बंद, भाव विचारावा तर ‘इनबॉक्स बघा’.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी हिशेब, मग चौकशी जिथे येऊन पडते ती जागा, मग प्रोफाइल, मग पोस्ट आणि रील, आणि पैसे देऊन करायची जाहिरात सगळ्यात शेवटी.

पायरी १: एका चौकशीला किती परवडतं ते काढा

कागदावर तीन गोष्टी लिहा. पुढचे तीन महिने पुढे करायचा एकच माल किंवा एकच सेवा. कशाला ‘निकाल’ म्हणायचं ते: मेसेज, फोन, ऑर्डर की भेटीची वेळ. आणि एका नव्या ग्राहकामागे जास्तीत जास्त किती खर्च चालेल तो आकडा.

हा आकडा अंदाजाने ठरवू नका. समजा एका विक्रीत माल, पॅकिंग, पाठवणी आणि परत येणारा माल हे सगळं वजा जाता हातात ६०० उरतात. त्यातला निम्मा हिस्सा जाहिरातीला द्यायची तयारी असेल, तर एका ग्राहकाला ३०० परवडतात. दहा चौकशांतून दोन विक्री होत असतील, तर एका चौकशीची कमाल मर्यादा ६०. पुढे जाहिरात चालली की नाही हे याच ६० वरून ठरेल, लाइकवरून नाही. दहातल्या किती चौकशा पक्क्या होतात हे सुरुवातीला माहीत नसतं. पहिल्या पन्नास चौकशा वहीत नोंदवल्या की ते प्रमाण हाती येतं. एकच ग्राहक पुन्हा पुन्हा येणारा व्यवसाय असेल तर मर्यादा वाढवता येते, पण ती वाढ खऱ्या पुनर्खरेदीच्या नोंदीवरून करा.

पायरी २: चौकशी घेणारी जागा नीट बांधा

बऱ्याच लहान व्यवसायांसाठी ही जागा म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेस ॲप. ते मोफत आहे. घरच्या नंबरावर ते चालवू नका. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेस ॲपवर एकाच वेळी चालत नाही, आणि पुढे कामाला माणूस ठेवला तर त्याच्या हाती तुमच्या खासगी गप्पा जातात. वेगळा नंबर घ्या आणि पुढची मांडणी एका बैठकीत उरका.

पत्ता, वेळा आणि व्यवसायाचा प्रकार भरा. कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत वस्तू बसतात, पण सुरुवात सगळ्यात जास्त खपणाऱ्या १०–१५ वस्तूंनी करा. प्रत्येकीला स्वच्छ फोटो, किंमत आणि छोटा कोड द्या. कोड दिला की ‘तो निळा वाला’ या गोंधळातून सुटका होते. किंमत लपवू नका. किंमत पाहून जो परत फिरतो त्याने तुमचा वेळ वाचवलेला असतो.

स्वागत संदेश पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस काही बोलणं न झालेल्या माणसाला आपोआप जातो. तिथे आभाराची लांबलचक वाक्यं नकोत, एकच प्रश्न हवा. फर्निचर बनवणारा असाल तर ‘जागेचं माप आणि कोणती वस्तू हवी ते कळवा, भाव लगेच सांगतो’ एवढं पुरे. या एका प्रश्नाने निम्मी बोलणी आधीच उरकलेली असतात. बंद वेळेसाठी वेगळा संदेश लावा आणि त्यात उत्तर कधी मिळेल ती वेळ स्पष्ट लिहा.

तयार उत्तरं ५० पर्यंत साठवता येतात आणि तिरकी रेघ टाइप केली की समोर येतात. भाव, पाठवणीचा कालावधी, परतीची अट, पैसे भरण्याची पद्धत, पत्ता अशा दहा उत्तरांनी सुरुवात करा. भावाच्या उत्तरात चार गोष्टी याच क्रमाने असाव्यात: किंमत, त्यात काय काय धरलं आहे, किती दिवसांत मिळेल, आणि शेवटी पुढची पायरी विचारणारा प्रश्न. नुसता आकडा पाठवला की संभाषण तिथेच मरतं.

लेबलं २० पर्यंत करता येतात. पाच पुरतात: नवी चौकशी, भाव सांगितला, पैसे आले, पाठवलं, पुन्हा विचारायचं. शेवटचं लेबल सगळ्यात मोलाचं. ‘विचार करून सांगतो’ म्हणणाऱ्याला दोन-तीन दिवसांनी एकदाच आणि सभ्यपणे विचारलं तर त्यातून बरीच विक्री निघते, आणि तेवढंही बहुतेक जण करत नाहीत.

आता लिंक. डब्ल्यूए डॉट एमई नंतर तिरकी रेघ आणि देशाच्या कोडसह नंबर, अशी लिंक बनते. त्यात अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य किंवा मोकळी जागा राहिली तर ती उघडत नाही. म्हणून दुसऱ्याच्या फोनवर तपासा. लिंकमध्ये आधीच लिहिलेला मजकूरही भरता येतो आणि त्याचा एक मोठा उपयोग आहे: इन्स्टाग्रामच्या लिंकमध्ये ‘इन्स्टावरून आलो, माहिती हवी’, यूट्यूबच्या लिंकमध्ये ‘व्हिडिओ पाहिला, माहिती हवी’ असा वेगवेगळा मजकूर ठेवा. चौकशी कुठून आली हे कुठल्याही खर्चिक साधनाविना कळतं.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीबद्दल, दोन गोष्टी माहीत हव्यात. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. म्हणून ऑर्डर पूर्ण झाल्यावर नंबर साठवायला सांगण्याची सवय लावा. विकत घेतलेल्या नंबरांच्या यादीवर संदेश पाठवणं हा सगळ्यात महागात पडणारा मार्ग आहे. लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि नंबरच बंद होतो. तोच नंबर पाटीवर आणि बिलावर छापलेला असतो.

चौकशा इतक्या वाढल्या की मूळ फोन आणि जोडलेली चार उपकरणंही पुरेनाशी झाली, तर व्हॉट्सॲपचं मोठ्या व्यवसायांसाठीचं एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून व्हॉट्सॲप चालवायची सोय, घ्यावं लागतं. तिथे ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास मोकळेपणाने लिहिता येतं. त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेले साचेच पाठवता येतात, आणि त्याचे पैसे लागतात.

पायरी ३: मालकी आणि कुलपं

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून टाळली जाते आणि पुढे अख्खं पेज हातचं जातं. मेटा म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची कंपनी. तिचा बिझनेस पोर्टफोलिओ, म्हणजे व्यवसायाची सगळी खाती एकत्र ठेवायची जागा, स्वतःच्या नावाने उघडा. फेसबुक पेज, इन्स्टाग्राम आणि जाहिरातीचं खातं त्यातच ठेवा. पूर्ण अधिकाराची विश्वासू माणसं किमान दोन हवीत. एकाचं खातं बंद पडलं तर दुसऱ्याला आत जाता आलं पाहिजे. सर्वांना टू-फॅक्टर पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी) सक्तीची करा आणि तिचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. एजन्सीला पासवर्ड कधीच देऊ नका. ‘पार्टनर’ म्हणून हवा तेवढाच अधिकार द्या, म्हणजे काम थांबलं की तो काढून घेता येतो.

‘कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत पेज बंद होईल’ असे मेसेज जवळजवळ नेहमीच फसवे असतात. लिंकवर जाऊ नका. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये कंपनीने तुम्हाला खरोखर पाठवलेल्या ईमेलची यादी दिसते. त्यात तो ईमेल नसेल तर तो खोटा.

पायरी ४: एक मुख्य जागा, एक जोडीची

पाच ठिकाणी अर्धवट असण्यापेक्षा एका ठिकाणी नीट असणं चांगलं. डोळ्याला दिसून पटणारा माल असेल तर इन्स्टाग्राम. ‘हे कसं करायचं’ असं शोधत येणारा ग्राहक असेल तर यूट्यूब, कारण तिथला चांगला व्हिडिओ वर्षानुवर्षं शोधात सापडत राहतो आणि इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांत जाते. दुसऱ्या कंपन्यांना विकत असाल तर लिंक्डइन. तिथे कंपनीच्या पेजपेक्षा मालकाच्या किंवा तज्ज्ञाच्या स्वतःच्या प्रोफाइलवरून लिहिलेलं जास्त वाचलं जातं. परिसरातले गट आणि थोडं वयस्क गिऱ्हाईक हवं असेल तर फेसबुक. ग्राहक प्रत्यक्ष तुमच्या जागी येत असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची माहिती, आधी भरा. तो काटेकोर अर्थाने सोशल मीडिया नाही, पण रील पाहून आलेला माणूस तिथेच पत्ता आणि अभिप्राय तपासतो.

पायरी ५: प्रोफाइल

इन्स्टाग्रामचं खातं सेटिंगमधून व्यावसायिक करा, नाहीतर इन्साइट्स, म्हणजे पोस्ट किती जणांनी पाहिली वगैरे आकडे, दिसत नाहीत. ‘बिझनेस’ प्रकारात संपर्काची बटणं आणि जाहिरातीची सोय मिळते, पण लोकप्रिय गाण्यांचा मोठा संग्रह वापरता येत नाही. त्याला पर्याय म्हणून मेटाचा मोफत साउंड कलेक्शन आहे. बाहेरचं गाणं परवानगीविना लावलं तर आवाज कापला जातो किंवा रीलच काढली जाते.

नावाच्या रकान्यात फक्त ब्रँडचं नाव लिहू नका, काय विकता तेही लिहा. शोध त्या रकान्यातून होतो. बायोला, म्हणजे नावाखालच्या ओळखीच्या मजकुराला, १५० अक्षरं मिळतात: कोणासाठी, काय, कुठे पाठवता, आणि पुढे काय करायचं. लिंक पाच ठेवता येतात, पण पहिली व्हॉट्सॲपचीच असावी. वर पिन करायला तीन पोस्ट मिळतात. तिथे किंमत आणि मागवण्याची पद्धत, ग्राहकांचे अनुभव, आणि सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर ठेवा.

पायरी ६: काय टाकायचं

विषय सुचत नाहीत ही तक्रार व्हॉट्सॲप उघडलं की मिटते. शेवटच्या पन्नास चौकशांतले प्रश्न जसेच्या तसे, ग्राहकाच्या शब्दांत उतरवून घ्या. ‘धुतल्यावर रंग जातो का’, ‘किती दिवस टिकतं’, ‘यात आणि स्वस्तातल्यात फरक काय’. हेच तुमचे विषय. एकाने विचारलं म्हणजे कितीतरी जणांनी मनात विचारून सोडून दिलेलं असतं. शंकेचं उत्तर, काम कसं होतं ते दाखवणं, झालेल्या कामाचा पुरावा आणि थेट विक्रीची पोस्ट हे चार प्रकार आलटून पालटून घ्या. चारातली एक विक्रीची असली तर खटकत नाही. ती अजिबात न टाकणं मात्र चूक आहे. विकायला बसलो आहोत हे सांगावंच लागतं.

रीलचं माप १०८० बाय १९२०, म्हणजे उभं ९:१६. पडद्याचा वरचा साधारण १४ टक्के आणि खालचा ३५ टक्के भाग मोकळा ठेवा. तिथे नाव, कॅप्शन आणि बटणं येतात आणि लिहिलेली किंमत त्याखाली झाकली जाते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत लोगो, नमस्कार किंवा फिरणारी अक्षरं नकोत. थेट प्रश्न किंवा थेट निकाल दाखवा. धुलाईयंत्र दुरुस्त करणाऱ्याची रील अशी बांधता येईल: पहिल्या तीन सेकंदांत यंत्राखाली साचलेलं पाणी आणि ‘गळती इथून होते’ हे वाक्य, पुढच्या पंधरा सेकंदांत दाराचं फाटलेलं रबर हाताने दाखवणं, नंतर घरी काय तपासायचं ते, आणि शेवटच्या पाच सेकंदांत ‘मॉडेलचा नंबर पाठवा, खर्चाचा अंदाज देतो’. अर्धा मिनिट पुरे.

खिडकीसमोर उभं राहून दिवसाच्या उजेडात चित्रण करा, उजेड पाठीमागून नको. लेन्स पुसा, धुरकट चित्राचं सगळ्यात मोठं कारण बोटांचा तेलकटपणा असतो. आवाजासाठी कॉलरला लावायचा साधा माईक महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. बोललेलं सगळं पडद्यावर लिहा, कारण अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात. दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क असलेला व्हिडिओ इन्स्टाग्राम नव्या लोकांपुढे कमी नेतं. मूळ स्वच्छ फाइल जपून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तीच चढवा. यूट्यूब शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो, पण त्याच्या वर्णनातली लिंक ऑगस्ट २०२३ अखेरपासून दाबता येत नाही. ‘लिंक खाली दिली आहे’ असं बोलून ठेवलं तर पाहणारा अडकतो. त्याऐवजी संबंधित व्हिडिओ जोडा, किंवा चॅनलच्या प्रोफाइलवर पाठवा.

किमती, मापं, तुलना अशी साठवून ठेवण्याजोगी माहिती फोटोंच्या मालिकेत चांगली बसते. इन्स्टाग्रामवर वीसपर्यंत चित्रं चालतात, पण सहा-सातनंतर वाचणारा गळतो. पोस्टचं माप १०८० बाय १३५० घ्या. कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, मात्र सुरुवातीची साधारण १२५ अक्षरंच ‘आणखी’ न दाबता दिसतात. मुद्दा तिथेच मांडा. मालाशी नेमके जुळणारे तीन ते पाच हॅशटॅग पुष्कळ झाले.

आठवड्याला तीन पोस्ट हा वेग बहुतेकांना झेपतो. महिन्यातले दोन अर्धे दिवस चित्रणासाठी ठेवा, एकदम सहा-सहा रील काढा आणि मेटा बिझनेस सूटमध्ये तारीख-वेळ लावून ठेवा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी हे साधन मोफत आहे. डिझाइनला कॅनव्हाची मोफत आवृत्तीही चालते. फक्त दोन रंग, एक फॉन्ट आणि एक मांडणी ठरवून तीच पाळा.

‘शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा आणि जिंका’ ही स्पर्धा सर्रास दिसते. पण वैयक्तिक टाइमलाइनवर शेअर करणं किंवा मित्रांना टॅग करणं ही भाग घेण्याची अट ठेवायला फेसबुकच्या नियमांत मनाई आहे. शिवाय तिच्यातून गोळा होतात ते बक्षिसाचे चाहते. विकत घेतलेले फॉलोअर त्याहून वाईट. ते कधीच काही पाहत नाहीत, त्यामुळे तुमचे सगळे आकडे निरर्थक होतात. प्रसिद्ध व्यक्तीला पैसे किंवा माल देऊन बोलायला लावलं असेल तर सशुल्क भागीदारीचं लेबल लावायला सांगा.

वाईट प्रतिक्रिया पुसू नका. तिथेच, सर्वांसमोर एकदा उत्तर द्या, चूक असेल तर भरपाई कशी करणार ते लिहा आणि पुढचं बोलणं मेसेजमध्ये न्या. पुसलेल्या तक्रारीचा स्क्रीनशॉट फिरतो.

पायरी ७: पैसे देऊन जाहिरात

वरच्या सहा पायऱ्या झाल्याशिवाय इथे येऊ नका. जाहिरात गळक्या वाटेवर जास्त माणसं आणून सोडते, एवढंच होतं.

पोस्टलाच जाहिरात बनवणारं ‘बूस्ट’ बटण सोपं आहे, पण त्यात मोजकेच पर्याय मिळतात. ॲड्स मॅनेजर, म्हणजे मेटाचं जाहिराती चालवायचं साधन, शिका. त्यात तीन थर असतात: वर मोहीम, जिथे उद्दिष्ट ठरतं. मध्ये ॲड सेट, जिथे बजेट, प्रदेश आणि लोक ठरतात. खाली प्रत्यक्ष जाहिरात. उद्दिष्टं सहा आहेत: ओळख, ट्रॅफिक (लिंकवर येणारी माणसं), एंगेजमेंट (लाइक, कमेंट, मेसेज), लीड (इच्छुकांची संपर्क-माहिती), ॲप आणि विक्री. ही निवड सगळ्यात महत्त्वाची, कारण यंत्रणा तुम्ही मागाल तशीच माणसं शोधते. लाइक मागितले तर लाइक करत फिरणारे मिळतात, आणि ते खरेदी करतीलच असं नाही. चौकशी हवी तर मेसेज मागा. वेबसाइटवर विक्री होत असेल तर आधी पिक्सेल (वेबसाइटवर कोण काय करतं ते मेटाला कळवणारा छोटा कोड) बसवा, खरेदीची नोंद खरोखर होते का ते स्वतः एक ऑर्डर देऊन तपासा, आणि मगच विक्रीचं उद्दिष्ट निवडा.

नव्या ॲड सेटला शिकायला वेळ लागतो. मेटाच्या सांगण्यानुसार आठवड्यात साधारण ५० निकाल मिळाले की ती स्थिरावते. इथे पहिल्या पायरीतला आकडा कामाला येतो. एक चौकशी ६० ला पडत असेल तर ५० चौकशांना आठवड्याला ३,००० लागतात. तेवढेच पैसे पाच ॲड सेटमध्ये वाटले तर प्रत्येकीला दहाच निकाल मिळतात आणि एकही शिकत नाही. लहान बजेटचा पैसा सर्वाधिक वाया जातो तो इथेच. एक मोहीम, एक ॲड सेट आणि तिच्यात तीन-चार वेगळ्या जाहिराती, एवढंच ठेवा. त्या जाहिराती रंग बदलून वेगळ्या नकोत, मुद्दा बदलून हव्यात: एकीत किंमत, एकीत टिकाऊपणा, एकीत ग्राहकाचा अनुभव. ज्या रील फुकटात सर्वाधिक शेअर आणि सेव्ह झाल्या त्यांपासून सुरुवात करा. स्पर्धक काय चालवतात ते मेटाच्या ॲड लायब्ररीत कुणालाही पाहता येतं. महिनोन् महिने चालू असलेली जाहिरात बहुधा त्यांना परवडत असते.

सुरू केल्यावर आठवडाभर हात लावू नका. बजेट, लोक किंवा जाहिरात यात मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. वाढवायचं असेल तेव्हाही एकदम दुप्पट न करता थोडं थोडं वाढवा.

निकाल बिघडला तर कुठे बघायचं:

- लोक पाहतात पण दाबत नाहीत: जाहिरातीची सुरुवात कमजोर आहे. पहिली तीन सेकंदं बदला.
- दाबतात पण मेसेज करत नाहीत: लिंक तुटली आहे, पान हळू उघडतं आहे, किंवा जाहिरातीत एक आणि पानावर दुसरंच दिसतं आहे.
- मेसेज भरपूर, विक्री नाही: जाहिरातीत किंमत नव्हती, किंवा उत्तर द्यायला उशीर होतो आहे. पहिलं उत्तर किती वेळात जातं ते तपासा, ते बहुधा तासांत असतं.
- आधी चांगलं चाललं, आता महाग पडतं: ‘फ्रिक्वेन्सी’ पाहा. त्याच माणसांना तीच जाहिरात पुन्हा पुन्हा दिसते आहे. नवं चित्रण करा.

जाहिरात नाकारली गेली तर नवं खातं काढून पळवाट शोधू नका, त्याने सगळीच खाती अडकतात. कारण वाचा, दुरुस्त करा किंवा फेरतपासणी मागा.

पायरी ८: मोजणी

एक साधी शीट पुरते. तारीख, चौकशी कुठून आली, पहिलं उत्तर किती वेळात गेलं, विक्री झाली का, रक्कम, झाली नसेल तर कारण. वेबसाइटच्या लिंकना यूटीएम जोडा, म्हणजे लिंकच्या शेवटी लिहायच्या स्रोत, माध्यम आणि मोहीम अशा तीन खुणा. म्हणजे गूगल ॲनालिटिक्समध्ये कोणत्या पोस्टवरून कोण आलं ते वेगळं दिसतं. खुणा नेहमी एकाच पद्धतीने लिहा, लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक झाला तरी त्या दोन वेगळ्या ओळी होतात.

ॲड्स मॅनेजरचा विक्रीचा आकडा आणि तुमच्या वहीतला आकडा जुळणार नाही. क्लिकनंतर सात दिवसांत किंवा नुसतं पाहिल्यानंतर एका दिवसात झालेली खरेदी मेटा ठरीव सेटिंगनुसार स्वतःच्या नावावर धरतं, तर दुसरीकडे २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर मागोवा घ्यायला परवानगी सक्तीची केल्यापासून काही खरेदी त्याला दिसतच नाही. निर्णय वहीवरून घ्या: महिन्याचा एकूण जाहिरात खर्च भागिले महिन्यातले नवे ग्राहक. प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आम्हाला कुठे पाहिलंत’ हे विचारणंही चालू ठेवा.

दर सोमवारी अर्धा तास शीटसमोर बसा. सलग तीन महिने नियमित पोस्ट, वेळेवर उत्तरं आणि नीट बांधलेली वाट असूनही एखाद्या प्लॅटफॉर्मवरून चौकशीच येत नसेल, तर तिथलं काम थांबवा, प्रोफाइलवर चालू नंबर आणि लिंक ठेवा, आणि तो वेळ जिथून चौकशी येते तिथे द्या.